भिंत कुणाची, ते तरी सांगा

सीबीडी बेलापूर, नवी मुंबई
नोव्हेंबर २०२५

प्रति,
या शहरातले पूल, भुयारी मार्ग, कुंपणाच्या भिंती आणि कुलूपबंद सभागृहं ज्यांच्या ताब्यात आहेत त्या सर्वांना,

स. न. वि. वि.

खरं तर नाव घालून पत्र लिहायचं होतं. तीन आठवडे त्यासाठीच पायपीट केली. पण ज्या भिंतीबद्दल लिहितेय ती कुणाची, हेच कुणी सांगेना. एका कार्यालयात म्हणाले, पूल आमचा, पण पुलालगतची संरक्षक भिंत आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, जागा आमचीच होती, पण हस्तांतरण झालंय, कागद त्यांच्याकडे. तिसऱ्या कार्यालयातल्या बाईंनी जेवणाचा डबा बाजूला सारून माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "चित्रच होतं ना मॅडम? मग परत काढा की."

म्हणून हे पत्र तुम्हां सगळ्यांना मिळून, आणि उघडं. मे २०२० पासून या शहरात निवडून आलेले नगरसेवक नाहीत, त्यामुळे वॉर्डातल्या कुणाला गाठून विचारावं ती सोयही उरलेली नाही. ज्याला वाटेल हे आपल्यासाठी आहे, त्याने ते आपलं समजून वाचावं. बाकीचे वाचणारे साक्षीदार.

मी शाळेत चित्रकला शिकवते. बावीस वर्षं झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवते. त्यातली निम्मी दहावीच्या वाढीव गुणांसाठी येतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला राग नाही. गुणांसाठी आलेल्यांपैकी दोघा-तिघांना दरवर्षी रंगाची चटक लागतेच, आणि मग ती सुटत नाही. राहते सेक्टर ८ मध्ये, आर्टिस्ट व्हिलेजला, भाड्याने. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या सुमारास ही वसाहत आखली. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असा एक चौक, त्याभोवती सात घरं, अशा चौकांना चौक जोडत जाणारी. आता बऱ्याच घरांवर मजले चढलेत, कौलं जाऊन स्लॅब आलेत, पण चौक बहुतेक जागी आहेत. रिक्षावाला, पोस्टमन, पार्सल आणणारा मुलगा, सगळे दिवसातून दहादा 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतात. मी चित्र लावते ते माझ्या व्हरांड्यात, कपडे वाळत घालायच्या दोरीमागे.

आता भिंतीचं.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्हाला एका पुलाजवळची भिंत मिळाली. बेचाळीस फूट लांब, नऊ फूट उंच. शिक्का मारलेलं 'हरकत नाही' असं पत्र माझ्याकडे आहे. नववीची दहा मुलं, माझे चार माजी विद्यार्थी आणि मी, सोळा दिवस. पहिले चार दिवस तर एकही रंग लागला नाही. भिंतीला मागून ओल होती. पाणी जायची छिद्रं मातीने बुजलेली. ती आम्ही जाड तारेने मोकळी केली, तर पहिल्या दिवशी अर्धा तास काळं पाणी वाहत होतं आणि मुलं टाळ्या वाजवत होती. मग खार खरवडला, ब्रशने झाडला, प्रायमर मारला. निळीत बुडवलेलं सूत ताणून त्याचे फटके मारले आणि चौकटी पाडल्या. ज्याने त्याने आपली चौकट भरायची.

चित्र होतं दिवाळे गावच्या कोळणींचं आणि खाडीचं. मधोमध एक आजी, मासळीची पाटी घेतलेली. खरोखरची आजी, आम्ही बाजारात जाऊन तिचे फोटो घेतले होते, तिच्या परवानगीने. बाराव्या दिवशी ती नातवाच्या स्कूटरवर बसून बघायला आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ती म्हणाली, "मी हाय ना ही? मंग पाटी डाव्या कमरंवर कशाला ठेवली? माझा कोयत्याचा हात डावा हाय."

दोन दिवस गेले पाटी उजवीकडे न्यायला. त्या दोन दिवसांत माझी मुलं जे शिकली ते मी वर्गात बावीस वर्षांत शिकवू शकले नव्हते. माणसाचा हात कुठल्या कामात असतो त्यावर सगळं शरीर बेततं.

गेल्या महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, एका माजी विद्यार्थिनीचा सकाळी पावणेसातला मेसेज आला. "मॅम, आजी गेल्या." मी मटकन खाली बसले. दिवाळे गावात कुणाला फोन करावा, हार कुठून घ्यावा, असं मनात सुरू झालं. मग तिने फोटो पाठवला.

पोहोचले तेव्हा बांबूला रोलर बांधून दोन मुलं पांढरा हात मारत होती. डावीकडची होडी गेली होती, खाडी गेली होती, आजीच्या चेहऱ्यावर पहिला हात पडला होता. गडद रंग पहिल्या हातात झाकत नाही. पांढऱ्यामधून तिचा एक डोळा दिसत होता. "दुसऱ्या हाताला जाईल," रोलरवाला मुलगा म्हणाला, मला धीर द्यावा तसा. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबशील? फोटो काढते. तो थांबला. चहा पिऊन आला. "तुम्ही काढलेलं का? चांगलं होतं," म्हणाला. त्याचं काम रोजंदारीवर. त्याला बोलून काय उपयोग? त्यानेच सांगितलं की वरून आलंय, आणि पुढच्या टप्प्याचं काम जानेवारीत सुरू होणार, पुढच्या भिंतीही आहेत.

हे पत्र त्या 'पुढच्या भिंती'साठी आहे. आमची तर गेली.

माझी पहिली तक्रार एवढीच आहे की कुणी विचारलं नाही. पुसू नका असं मी म्हणत नाही. रस्त्यावरचं चित्र कायमचं नसतं, ज्याने ते काढलं त्याला हे सगळ्यांत आधी माहीत असतं. चांगला प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचं इमल्शन असलं तरी माझ्या अनुभवात चार-पाच पावसाळे, त्यात खाडीची खारी हवा. पण तुमच्या शिक्क्याचं पत्र आमच्याकडे आहे, त्यावर माझा फोन नंबर आहे. एक फोन. मुलांना घेऊन गेले असते, शेवटचं बघून आलो असतो. त्यांच्यातल्या कुणी कदाचित स्वतःच रोलर हातात घेतला असता.

कायदा काय म्हणतो हे मला एका वकील पालकांनी समजावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. चित्र विकलं, दिलं, तरी त्याची मोडतोड करून कलाकाराच्या नावाला बट्टा लावता येत नाही, असा त्याचा अर्थ. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकलं. सेहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि वर पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सरकार विरुद्ध शिल्पकार, आणि शिल्पकार जिंकला. अर्थात, त्याच दिल्लीत २०१७ मध्ये 'हॉल ऑफ नेशन्स' पाडला तेव्हा त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल कोर्टात गेले आणि हरले, हेही त्या पालकांनी सांगितलं. म्हणजे कायद्याची काठी दोन्ही बाजूंनी चालते. मी कोर्टात जाणार नाही. सोळा दिवसांच्या इमल्शनसाठी वर्षानुवर्षं तारखा घालायची माझी तयारी नाही. चूक माझीही आहे: परवानगीच्या पत्रात 'पुसण्याआधी कळवावं' अशी एक ओळ मी घालून घ्यायला हवी होती. पुढच्या वेळी घालेन.

त्या भिंतीवर आता काय आहे तेही सांगते. आठवड्याभरात दोन गुलाबी फ्लेमिंगो आले, त्यांच्या खाली स्वच्छतेचा एक सुविचार, आणि उरलेल्या जागेत वारली.

फ्लेमिंगोंशी माझं वैर नाही. ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी येतात, नेरूळच्या तळ्यावर माझी मुलं त्यांची स्केचेस करतात. पण शहराने त्यांचा छापाच करून टाकलाय. चौकात फ्लेमिंगो, दुभाजकावर फ्लेमिंगो, शौचालयावर फ्लेमिंगो. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळमध्ये खरे फ्लेमिंगो मरून पडत होते, तळं आटलं होतं, आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या रस्त्यावर नवे फ्लेमिंगो रंगवले जात होते. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅम, हे मेलेले आहेत का उडालेले?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

वारलीबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तिथे चूक नुसत्या कंटाळ्याची नाही.

डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा भाग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे वारली चित्र हे आमच्या जिल्ह्याचं, घरचं. तिथे लग्नाच्या आधी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, 'लिहितात'. काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. आत पालघट देवी. या सगळ्याला कागदावर आणि जगापुढे आणणारे जिव्या सोमा म्हसे. २०११ ची पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. वारलीतला तारपा नाच तुम्ही हजारदा पाहिला असेल: नाचणाऱ्यांचं वेटोळं आणि मधे तारपा हे वाद्य फुंकणारा. तो वळेल तसं वेटोळं वळतं. नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नसते.

आमच्या भिंतीवरच्या वेटोळ्यात तारपावाला नाहीच. स्टेन्सिल कापताना तो गळला असावा, किंवा नळाच्या पाइपच्या जागी यायचा म्हणून सोडून दिला. सतरा माणसं (मी मोजली) एकमेकांचे हात धरून मध्यभागी असलेल्या पाण्याच्या मीटरभोवती नाचतायत. रंग पांढरा ऑइल पेंट, पार्श्वभूमी चॉकलेटी. हे करायला डहाणूतून चार कलाकार बोलावले असते तर ते आले असते. माझ्या ओळखीच्या दोघांना मी विचारलं, त्यांना आजवर या शहरातून कुणाचा फोन आलेला नाही. त्यांचं चित्र मात्र इथे खांबाखांबावर आहे.

आणि या शहराच्या भिंतीवर जे नाही ते किती आहे! १७ मार्च १९७० ला सिडको, ही नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. मिठागरं होती. खाडीत जाळी लागायची. १९८४ च्या जानेवारीत जासईला, जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. वाशीच्या बाजारात रात्री दोन वाजता कांद्याच्या गोणी पाठीवर घेणारे माथाडी आहेत, ज्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये वेगळा कायदा केला. त्या पाठी रंगवायला मिळाव्यात म्हणून माझा एक माजी विद्यार्थी चार वर्षं भिंत शोधतोय. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुटणार. उतरणाऱ्या माणसाला बाहेर पडल्यावर पहिल्या पुलाखाली काय दिसणार? दोन गुलाबी पक्षी आणि मीटरभोवतीचा नाच.

हे असं का होतं, तेही मला कळतं. कारण भिंतीचं काम चौरस फुटावर निघतं. निविदा एका नावाने, काम पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून आणखी एकाकडे, आणि शेवटी रोलर धरलेल्या मुलापर्यंत जे पोहोचतं त्यात वेळ नावाची वस्तू नसते. दोन वर्षांपूर्वी असाच एक गृहस्थ माझ्याकडे आला होता. "मॅडम, डिझाइन मोबाइलवर आहे, तुम्ही फक्त भरायचं. फुटावर पैसे." मी विचारलं, भिंत नव्याने गिलावा केलेली दिसतेय, किती दिवस झाले? "परवाच." नव्या गिलाव्याला निदान अठ्ठावीस दिवस मुरू द्यावं लागतं, नाहीतर आतली ओल आणि चुनखार रंगाला ढकलून देतात, फोड येतात. तो हसला. "बिल पंधरा दिवसांत टाकायचंय." त्या भिंतीला पहिल्या पावसाळ्यात इतके फोड आले की मुलं येता-जाता नखाने फोडायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा रंगवायला निघाली. चौरस फुटावर.

एकेकाळी हे काम पेंटर करायचे. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, नाटकांचे बोर्ड. अक्षराला सावली कुठून द्यायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी येत होतं. फ्लेक्स आला आणि ते गेले. हनीफ कुरेशी या कलाकाराने देशभरच्या अशा पेंटरांची अक्षरं गोळा करून ती संगणकावर जपली. २०२४ मध्ये ते स्वतःच अकाली गेले. आमच्या तुर्भ्याला असे दोन म्हातारे पेंटर अजून आहेत. एक रिक्षांच्या मागे नावं लिहितो. तुमचा स्वच्छतेचा सुविचारसुद्धा त्याने लिहिला असता तर लोक थांबून वाचले असते, एवढं त्याचं 'स्व' सुंदर आहे.

स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर २०२२ आणि २०२३ मध्ये देशात तिसरं आलं. मला त्याचा अभिमान आहे, घरात दोन डबे मीही ठेवते. भिंत स्वच्छ हवी, मान्य. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदाही मी वाचलाय. मग त्याच पुलावर दसऱ्यापासून लटकलेला वाढदिवसाचा फ्लेक्स कुठल्या कायद्याने राहिला? त्याला रोलर लागला नाही. त्या फ्लेक्सवरचे चाळीस चेहरे माझ्या आजीकडे तोंड करूनच होते.

आता दालनाचं. हे थोडं लांबेल.

हिवाळा हा आमच्या धंद्याचा हंगाम. येत्या १२ डिसेंबरला कोचीची बिएनाले, म्हणजे आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन, सुरू होतेय, सहावी, या वेळी कलाकार निखिल चोप्रांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर मांडलेली. ३१ मार्चपर्यंत चालेल. जानेवारीत मुंबईतल्या गॅलऱ्या एकत्र येऊन आपला वीकेंड साजरा करतात. मग १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव. जहांगीर कलादालन आहे, १९५२ पासूनचं. बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे आहेत, ज्यांच्याकडे मी मुलांना आधी नेते आणि आत नंतर. हे सगळं दक्षिण मुंबईत. बेलापूरहून हार्बरने तासाभराहून जास्त, मग सीएसएमटीवरून चालत. पंधरा मुलं, दोन शिक्षिका, वडापाव, पाण्याच्या बाटल्या. तिकीट फारसं नसतं, प्रवेशही बहुतेक ठिकाणी फुकट. अडचण वेगळी आहे. कुलाब्यातल्या, फोर्टातल्या बऱ्याच खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, संध्याकाळी सात म्हणजे शटर खाली. माझ्या मुलांच्या आईवडिलांना सुट्टी रविवारीच. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याने, बाजारात गोणी उचलणाऱ्याने आजचं चित्र बघायचं तर कधी? त्याला आवडणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या भिंतीसमोर एक संध्याकाळ उभं राहायला हवं होतं. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून लोक विचारायचे, ही होडी अशी वाकडी का काढलीय? एकाने तर होडी कशी बांधतात ते अर्धा तास समजावलं. असा प्रश्न मला जहांगीरमध्ये कुणी विचारलेला नाही.

या शहरात 'प्रदर्शन' म्हटलं की फ्लॅट, फर्निचर आणि साड्या. त्यांनाही जागा हवी, नाही कशाला म्हणू. पण पंधरा दिवस चित्रं राहतील, दिवे डोळ्यांत न जाता भिंतीवर पडतील आणि रविवारी रात्री आठपर्यंत दार उघडं असेल असं दालन मी गेली आठ वर्षं शोधतेय. मला मिळाली ती लग्नाची सभागृहं, दिवसाच्या भाड्याने. भिंतीला खिळा मारायचा नाही, टेप लावायची नाही, आणि सहा वाजता मंडप डेकोरेटरची माणसं येतात. मागच्या वर्षी एका मुलीचं जलरंगातलं चित्र झेंडूच्या टोपलीखाली सापडलं.

जागा नाही असं तुम्ही म्हणू नका. नवी मुंबईची स्टेशनं पाहा. मुंबईत कुठे आहेत एवढी ऐसपैस? वर कार्यालयांचे मजले, खाली लांबच लांब भुयारी मार्ग, दोन्ही बाजूंना फरशीच्या कोऱ्या भिंती, रोज हजारो माणसं त्यातून चालत जातात. एक गाळा द्या. बेलापूरला, नेरूळला, कुठेही.

आणि हे काही जगावेगळं मागणं नाही. २००९ मध्ये मुंबईत सेनापती बापट मार्गावरची रेल्वेची भिंत सामान्य लोकांनी, रीतसर परवानगीने रंगवली. ज्याला ब्रश धरता येत होता तो आला. २०१४ मध्ये वांद्र्याला टेलिफोनच्या इमारतीवर रणजित दहियांनी दादासाहेब फाळके उभे केले. दिल्लीत लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंती चित्रांनी भरल्या आणि आता लोक तिथे फक्त चालायला जातात. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ससून डॉकवर, मासळीचा व्यवहार चालू असताना, तिथल्याच इमारतीत कलाप्रदर्शन भरलं. मी मुलांना घेऊन गेले होते. अर्ध्यांनी नाकाला रुमाल लावला. दिवाळे गावातून आलेल्या दोघींनी लावला नाही आणि त्याच सगळ्यांना वाट दाखवत पुढे गेल्या. त्या दिवशी आमच्या भिंतीचं बी पडलं.

बाहेरच्या नामवंत कलाकारांना बोलवू नका असं मी म्हणत नाही, रंगाच्या कंपन्यांनी पैसे दिले तर घ्या. फक्त त्यांच्या शिडीवर आमच्यातला एक तरी असू द्या.

मागण्या थोडक्यात लिहिते, म्हणजे टिपणी करायला सोपं जाईल.

जानेवारीत रोलर लागणाऱ्या भिंतींची यादी आधी जाहीर करा. ज्या भिंतीवर कुणी परवानगीने चित्र काढलंय तिथे पुसण्याआधी तीस दिवस कळवा आणि फोटो काढू द्या. हे उद्यापासून होऊ शकतं, पैसे लागत नाहीत.

प्रत्येक भिंतीची एक नोंद ठेवा: मालक कोण, रंगवणारे कोण, कधी, कुठल्या रंगात. भिंतीच्या कोपऱ्यात तीच माहिती मराठीत लिहा. निदान पुढच्या माणसाला तीन कार्यालयं फिरावी लागणार नाहीत.

कलाकामाची निविदा चौरस फुटावर काढू नका. आधी संकल्पचित्र मागवा, त्याचे वेगळे पैसे द्या, निवडीला दोन चित्रकार आणि त्या भिंतीसमोर राहणारे दोघं बसवा. वारली हवी असेल तर वारल्यांना बोलवा, प्रवासखर्चासकट.

दहा भिंती मोकळ्या सोडा. शिकणाऱ्या मुलांसाठी. त्यांवर वाईटही निघेल, निघू द्या; महिन्याने दुसरं कुणी वरून काढेल.

एक दालन. स्टेशनात किंवा तुमच्याच एखाद्या बंद सभागृहात, रविवारी उघडं. भाडं नाममात्र, तारखा सोडतीने, वर्षाचं वेळापत्रक दारावर. सुरुवातीला सहा महिने करून बघा. दिव्यांचं आम्ही बघून घेऊ, एका माजी विद्यार्थ्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे.

आणि त्या वेटोळ्यात कृपा करून एक तारपावाला काढून द्या. मी येऊन काढायला तयार आहे, परवानगी कुणाकडे मागायची तेवढं कळवा.

हे लिहायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी दिवाळे गावात गेले होते. आजी ठणठणीत आहेत. बाजारात बसल्या होत्या, डाव्या हातात कोयता. भीत भीत सांगितलं, भिंत पुसली म्हणून. पापलेटाचे कल्ले काढता काढता त्या म्हणाल्या, "पुसली? पुसूं दे. पाटी तरी कुठं बरोबर होती!" मग थोड्या वेळाने विचारलं, "परत कधी काढनार?"

शनिवार-रविवार, १३ आणि १४ डिसेंबरला, म्हणजे कोचीला पडदा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही आमच्या चौकात प्रदर्शन भरवतोय. त्या दहा मिनिटांत काढलेले फोटो, भिंतीचं खाकी कागदावरचं पूर्ण आकाराचं रेखाटन, निळीच्या चौकटींसकट, आणि मुलांची या वर्षीची चित्रं. माथाडींच्या पाठी चार कॅनव्हासवर आहेत, भिंत मिळाली नाही म्हणून. सकाळी दहा ते रात्री नऊ. सातही घरांनी व्हरांडे मोकळे करून दिलेत. चौकात गाडी येत नाही, तेवढी बाहेर रस्त्याला लावा.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर ८, सीबीडी बेलापूर